इंजिन बदलले, ब्रेक कोण बदलणार?

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत कापडाचा, किराण्याचा किंवा भांड्यांचा फिरता धंदा करणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंमध्ये सध्या एका गोष्टीची फार चर्चा आहे. जुन्या जीपमधले थकलेले इंजिन काढायचे आणि त्या जागी टर्बो डिझेल इंजिन बसवायचे. गॅरेजमध्ये, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मंडपात, जिथे चार व्यापारी बसतील तिथे हा विषय निघतो. कोणी म्हणतो, गाडीला नवे आयुष्य मिळाले. कोणी म्हणतो, पैसा पाण्यात गेला. आम्ही स्वतः हा उद्योग दोनदा केला आहे. एकदा तो नीट झाला, एकदा फसला. दोन्ही वेळचा हिशेब वाचकांपुढे ठेवावा, म्हणजे पुढच्याला ठेच लागणार नाही, एवढ्याच हेतूने हा मजकूर लिहीत आहोत.

आमच्या भागात जीप का लागते, हे बाहेरच्या माणसाला सांगावे लागते. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे. आगगाडी कित्येक दशके एकट्या वडसा देसाईगंजला शिवून पुढे जात आली. अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या बाजूला माल न्यायचा तर रस्ता हाच आधार. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की भामरागडचा संपर्क तुटतो. मोठे रस्ते पूर्वीपेक्षा सुधारले, पूलही झाले, पण आठवडी बाजाराच्या गावाला जाणारा शेवटचा तुकडा अजून पुष्कळ ठिकाणी नाल्यातूनच जातो. लुगडी, धोतरे, चादरी, टॉवेल यांची गाठोडी घेऊन तिथे पोचायचे तर चारही चाकांना ताकद देणारी गाडीच लागते. नवी गाडी दहा-बारा लाखांच्या खाली येत नाही. म्हणून जुनी जीप जिवंत ठेवण्याची धडपड चालते.

जीपचा थोडा इतिहास

महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतर विलीज जीपची जोडणी मुंबईत माझगावला सुरू केली. त्या जातीच्या सीजे-3बी जीपमध्ये ‘हरिकेन’ नावाचे पेट्रोल इंजिन असे. ते 2.2 लिटरचे, सुमारे 75 अश्वशक्तीचे. इंजिन उत्तम, पण पेट्रोल पिणारे. पुढे डिझेलचा जमाना आला. कंपनीने आधी ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन वापरले. मग फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्यावर एक्सडीपी 4.90 हे इंजिन इकडे बनू लागले. 1985 च्या एमएम-540 जीपमध्ये तेच होते. 2,112 सीसी, सुमारे 62 अश्वशक्ती. त्यानंतर 2,523 सीसीचे थेट इंधन फवारणारे डीआय इंजिन आले. 2010 साली ‘थार’ बाजारात आली तेव्हा तिच्या स्वस्त नमुन्यात त्याच डीआय इंजिनाला टर्बो जोडलेला होता आणि महाग नमुन्यात 105 अश्वशक्तीचे नव्या पद्धतीचे टर्बो डिझेल होते.

म्हणजे पेट्रोलवरून डिझेलवर आणि डिझेलवरून टर्बोवर हा प्रवास खुद्द कंपनीने केला आहे. आमच्या मिस्त्रींनी काही वेगळे केले असे नाही. फरक एकच आहे. कंपनीने इंजिन बदलताना त्याच्या जोडीला क्लच, गिअरबॉक्स, रेडिएटर, कमानीचे पाटे आणि ब्रेक यांतही टप्प्याटप्प्याने बदल केले. आम्ही लोक फक्त इंजिन बदलतो आणि घरी येतो.

टर्बो म्हणजे काय?

इंजिनातून जो गरम धूर बाहेर पडतो त्यात पुष्कळ ताकद वाया जाते. त्या धुराच्या जोरावर एक छोटी चक्री फिरवायची, तिच्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्रीने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची, ही टर्बोची युक्ती. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरने 1905 साली तिचे पेटंट घेतले. हवा जास्त गेली की डिझेल जास्त आणि नीट जळते. त्याच आकाराच्या इंजिनातून ओढ वाढते.

येथे एक आकडा पाहण्यासारखा आहे. जुने प्यूजो इंजिन 62 अश्वशक्तीचे, डीआय टर्बो इंजिन 63 अश्वशक्तीचे. कागदावर फरक एका घोड्याचा. मग लोक टर्बोमागे का धावतात? कारण प्यूजो इंजिन आपली पूर्ण शक्ती मिनिटाला 4,500 फेऱ्यांवर देते आणि त्याची ओढ, म्हणजे टॉर्क, सुमारे 121 न्यूटन-मीटर. डीआय टर्बोची ओढ 182 च्या घरात, आणि तीही 1,500 ते 1,800 फेऱ्यांवरच मिळते. दीडपट ओढ आणि तीही सावकाश चालताना. नाल्याच्या वाळूतून भरली गाडी वर काढताना नेमके हेच लागते. ज्याने पहिल्या गिअरमध्ये इंजिन बंद पडताना नाल्यात उभे राहून गाठोडी डोक्यावर धरली आहेत, त्याला हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

पण टर्बोची चक्री मिनिटाला लाखाच्या घरात फेऱ्या घेते आणि ती इंजिनच्याच ऑइलवर जगते. ऑइल वेळेवर बदलले नाही, एअर फिल्टर धुळीने भरलेला ठेवला, किंवा घाट चढून आल्याबरोबर चावी बंद केली, तर ती जळते. गाडी उभी केल्यावर मिनिटभर इंजिन सावकाश चालू ठेवावे, मगच बंद करावे. आमच्या ड्रायव्हर मंडळींना ही सवय नसते. आणि चंद्रपूरचा उन्हाळा 48 अंशांपर्यंत जातो हे विसरू नये. पेट्रोल जीपचा जुना रेडिएटर इथे पुरत नाही.

आमची पहिली गोष्ट

आमच्या वालिदांनी सरकारी लिलावात एक सीजे-3बी जीप घेतली होती. 1997 साली आम्ही तिच्यात प्यूजोचे डिझेल इंजिन बसवले. काम चंद्रपूरच्याच एका उस्तादांनी केले. त्यांनी महिन्याभराचा वेळ घेतला. इंजिनचे माउंटिंग नवे बनवले. डिझेल परत टाकीत जाण्याची नळी टाकली, कारण डिझेलच्या पंपाला ती लागते. स्टार्टरसाठी मोठी बॅटरी लावली. एक गंमत आठवते. त्या जीपचा वायपर पेट्रोल इंजिनच्या हवेच्या ओढीवर चालत असे. डिझेल बसताच वायपर मेला. पहिल्या पावसात काच हाताने पुसत आम्ही मूलला पोचलो. उस्ताद हसून म्हणाले, “शेठ, इंजिन बदललं की घरातल्या सगळ्यांचा विचार करावा लागतो.” मग त्यांनी विजेवर चालणारा वायपर लावून दिला. त्यांचे ते बोलणे त्या वेळी आम्हाला विनोद वाटले.

त्या काळी 1988 च्या मोटार वाहन कायद्यात नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी घेऊन असा बदल करता येत असे. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झालेले. इंग्रजी फॉर्म समोर आला की हात थबकतो. तरी वालिद स्वतः आर.टी.ओ. कार्यालयात चकरा मारून आले. आर.सी. बुकावर नव्या इंजिनचा नंबर चढला आणि इंधनाच्या रकान्यात ‘डिझेल’ लागले. मग आम्ही पंधरा वर्षे त्या गाडीवर बाजार केला.

दुसरी गोष्ट

2012 साली तेही इंजिन थकले. वालिद हयात नव्हते, उस्तादही राहिले नव्हते, धंदा आमच्या हातात होता. भंगारात निघालेल्या एका गाडीचे डीआय टर्बो इंजिन पाच गिअरच्या गिअरबॉक्ससह मिळाले. नवा मिस्त्री हुशार आणि प्रामाणिक होता. इंजिन उतरवण्याआधीच तो म्हणाला, “चाचा, ब्रेक जुनेच आहेत. नऊ इंची ड्रम. मोठे ड्रम, व्हॅक्यूमचा पंप आणि बूस्टर लावू. वीसेक हजार वाढतील.”

आम्ही म्हणालो, “पुढच्या सीझनला बघू.”

व्यापारी बंधूंनो, हे वाक्य आम्ही उच्चारले. मिस्त्रीने नाही, सरकारने नाही. कागदाचेही तेच झाले. एका एजंटने सांगितले की इंजिन नंबर कोण बघतो, आणि आम्हाला ते ऐकायचेच होते.

जीप अशी पळू लागली की काय सांगावे. आधी सहा गाठोडी नेत होतो, आता दहा नेऊ लागलो. आधी साठच्या वर काटा जात नसे, आता रिकाम्या रस्त्यावर ऐंशीवर जाऊ लागला. हिशेब साधा आहे. वेग साठवरून ऐंशीवर गेला तर थांबताना ब्रेकला जिरवावी लागणारी शक्ती सुमारे पावणेदोन पट होते. वजन वाढले तर त्याहून जास्त. इंजिनने आमचा धंदा वाढवला, आणि ब्रेक मात्र जेवढ्यास तेवढे राहिले.

2014 च्या पावसाळ्यात आमचा पुतण्या एटापल्लीकडून परत येत होता. सोबत माल उतरवायला ठेवलेला एक पोऱ्या होता. नाला ओलांडला. ड्रममध्ये पाणी शिरले की ब्रेक काही काळ धरत नाहीत, हे जीप चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नाल्यानंतर थोडे ब्रेक दाबत जावे, म्हणजे ते सुकतात. पण पुढे उतार होता, गाडीत जोर होता, आणि अंधार पडण्याआधी आलापल्ली गाठायची घाई होती. वळणावर गुरे आडवी आली. पुतण्याने गाडी सागाच्या झाडावर घातली. अल्लाहच्या मेहरबानीने दोघेही वाचले. पुतण्याच्या मांडीत रॉड पडला. त्या पोऱ्याचे मनगट मात्र नीट जुळले नाही. आज तो तिशीत आहे आणि कापडाचे एक गाठोडे त्याला उचलता येत नाही. हमालीवर ज्याचे घर चालणार होते, त्याचा हात आमच्या वीस हजारांच्या बचतीत गेला.

विम्याचे सांगावयाचे तर सर्वेक्षकाने आर.सी. बुक हातात घेतले, इंजिनचा नंबर ताडून पाहिला आणि गाडीच्या नुकसानीचा दावा तिथेच बसला. दोघांच्या दवाखान्याचा खर्च आम्ही घरातून केला. त्या पोऱ्याला अजूनही महिन्याला काही देतो, पण ते देणे हिशेबाच्या वहीत कोणत्या खात्यावर लिहावे हे आम्हाला आजवर समजले नाही.

कायदा आज काय म्हणतो?

जुन्या आठवणींवर विसंबून कोणी गाडी उघडू नये, कारण कायदा बदलला आहे. 2000 सालच्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचे कलम 52 असे सांगते की, कंपनीने मुळात जे तपशील दिले त्यांच्याशी आर.सी. बुकातले तपशील विसंगत होतील असा बदल मालकाने करू नये. सी.एन.जी., एल.पी.जी., बॅटरी अशा इंधनबदलाच्या मान्यताप्राप्त किटला अटींवर वाट आहे. इंजिन बदलण्याचा उल्लेख आहे तो त्याच कंपनीच्या, त्याच प्रकारच्या इंजिनाचा. 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येणार नाही असाच निकाल दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली.

याचा सरळ अर्थ असा. तुमची जीप मुळात डीआय डिझेल असेल आणि तुम्ही त्याच कंपनीचे त्याच प्रकारचे इंजिन मंजुरीने घालत असाल, तर तुमच्या पायाखाली जमीन आहे. पेट्रोल जीपमध्ये टर्बो डिझेल घालत असाल, तर गाडी उघडण्यापूर्वी एम.एच.-34 किंवा एम.एच.-33 ज्या कार्यालयाची असेल तिथे लेखी अर्ज द्या आणि लेखी उत्तर घ्या. उत्तर ‘नाही’ आले तर तो बेत सोडावा. एजंटच्या तोंडी आश्वासनाची किंमत आम्ही मोजली आहे. ताडोब्यात पर्यटक नेणाऱ्या जुन्या जिप्सींमध्ये डिझेल घालण्याच्या गोष्टीही कानावर येतात. भाड्याने माणसे बसवणाऱ्या गाडीत तर हा विचारही करू नये.

नफा-तोट्याचा हिशेब

मंजुरी मिळते असे धरून आकडे मांडू. पेट्रोल जीप लिटरला 8 किलोमीटर देते, डिझेल 12 देते असे समजा. पेट्रोल 105 रुपये, डिझेल 92 रुपये धरा. महिन्याला 1,000 किलोमीटर फिरणाऱ्याचे पेट्रोलला 13,125 रुपये लागतात, डिझेलला सुमारे 7,670. बचत साडेपाच हजारांच्या जवळपास. इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, ब्रेक, मजुरी मिळून दोन लाख खर्च धरला तर तीन वर्षांत पैसे वसूल होतात. पण महिन्याला 400 किलोमीटरच फिरणाऱ्याला साडेसात वर्षांहून जास्त लागतील. त्याने भाड्याची पिकअप करावी किंवा जुनेच इंजिन नीट बांधून घ्यावे. आणि साध्या डिझेलवरून टर्बोवर जाणाऱ्याने इंधनाच्या बचतीची फार आशा धरू नये. त्याला मिळते ती ओढ.

आणखी एक गोष्ट मिस्त्रीला जरूर विचारावी. जुन्या पेट्रोल जीपचे क्राउन-पिनियन 5.38 चे असते. डीआय इंजिन मिनिटाला 3,200 फेऱ्यांपुढचे नाही. चार गिअरच्या जुन्या गिअरबॉक्सवर ते ताशी ऐंशीच्या आसपासच ओरडू लागते. म्हणून लोक पाच गिअरचा बॉक्स घालतात आणि वेग वाढतो. वेग वाढवणारा प्रत्येक सुटा भाग घेताना ब्रेकची किंमत त्यातच धरावी.

आमचे म्हणणे

भंगारातले इंजिन घेताना ते कोणत्या गाडीतून निघाले याचा कागद घ्यावा. चोरीच्या गाडीचे इंजिन निघाले तर मिस्त्री आणि मालक दोघेही पोलीस ठाण्यात बसतात. मिस्त्रीने कामाचे पक्के बिल द्यावे, त्यात काय काय बदलले आणि मालकाने काय नाकारले, हे दोन्ही लिहावे. आमच्या मिस्त्रीने असे लिहून सही मागितली असती, तर खरे सांगतो, सही करताना आमचा हात थबकला असता आणि आम्ही ब्रेक बदलले असते.

सरकारकडेही आमचे एक मागणे आहे. ब्रिटनमध्ये इंजिन बदलले तर मालक वाहन नोंदणी कार्यालयाला कळवतो आणि नोंद बदलते. जर्मनीत तज्ज्ञ गाडी तपासतात, ब्रेक बघतात, मग बदल कागदावर चढतो. आपल्याकडे दार जवळजवळ बंद आहे, म्हणून काम थांबले असे झालेले नाही. ते पडद्यामागे गेले. आमच्या भागात इंजिनकाम करणारे कित्येक कारागीर पिढीजात आहेत. त्यांच्या हातात हुनर आहे, पण त्या हुनराला सरकारी मान्यता नाही. अशा कारागिरांची परीक्षा घ्यावी, परवाना द्यावा, त्यांनी बदललेली गाडी ब्रेक आणि धुराच्या यंत्रावर तपासावी, पास झाली तर नोंद करावी, नापास झाली तर रस्त्यावर येऊ देऊ नये. यात कारागिराची इज्जत आहे, व्यापाऱ्याची सोय आहे आणि रस्त्यावरच्या माणसाची सलामती आहे. ही मागणी आमच्या व्यापारी संघटनांनी आणि गॅरेजवाल्यांनी मिळून मांडावी. एकट्याचा अर्ज फायलीत राहतो.

तोपर्यंत आमच्या बंधूंना एवढेच सांगणे आहे. मिस्त्री जेव्हा म्हणेल, “चाचा, ब्रेक बदलू,” तेव्हा पुढच्या सीझनचे नाव घेऊ नका. ब्रेकचे पैसे नसतील तर इंजिनचेही पैसे नाहीत असे समजावे आणि गाडी तशीच घरी आणावी. माल उशिरा पोचेल, एखादा बाजार चुकेल. चुकलेला बाजार आठ दिवसांनी परत भरतो.